आला असता, गेलो असतो : न घडलेल्याचे व्याकरण

‘हस्ताचा पाऊस लागला असता तर शाळू साधला असता.’ माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत असे वाक्य कानावर पडायला वेळ लागत नाही. त्यात ‘नाही’ हा शब्द कुठेही नाही. तरीही ऐकणाऱ्याला दोन गोष्टी पक्क्या कळतात : हस्त कोरडा गेला आणि शाळू हातचा गेला. तिसरीही एक गोष्ट कळते. पहिली गोष्ट दुसरीला कारण झाली, असे बोलणाऱ्याचे मत आहे. एवढा सगळा मजकूर ‘असता’ या एका रूपाने वाहून नेला. क्रियापदाच्या अशा रूपाला मराठी व्याकरणात ‘संकेतार्थ’ म्हणतात. स्पॅनिश भाषेत याच कामासाठी ‘रीआ’ने संपणारे स्वतंत्र रूप आहे, आणि ती भाषा शिकणाऱ्या मराठी माणसाची पहिली मोठी अडखळण बहुधा तिथेच होते. दोन्ही रूपे शेजारी ठेवून पाहिली, तर मराठीचा स्वतःचा हिशेब किती चोख आहे हेही लक्षात येते.

क्रियापदाचे चार अर्थ शाळेच्या व्याकरणात येतात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘पाऊस पडतो’ हा स्वार्थ, कारण तिथे फक्त काळाचा बोध आहे. ‘पेरणी कर’ ही आज्ञा. ‘पेरणी वेळेवर करावी’ हा विध्यर्थ. आणि ‘पेरणी केली असती तर उगवण झाली असती’ हा संकेतार्थ. मराठीच्या व्याकरणलेखनाचा इतिहास बराच मागे जातो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या निधनानंतर 1640 मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण 1805 चे, तर दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ 1836 चे. पुढे 1911 मध्ये मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा मोठा ग्रंथ आला. दामले हे कवी केशवसुतांचे धाकटे बंधू. स्टीफन्ससारख्या मिशनऱ्यांपुढे नमुना लॅटिनचा होता, दादोबांपुढे इंग्रजी आणि संस्कृत असे दोन्ही नमुने होते. मराठीचे रूप मराठीच्याच पुराव्यावरून बारकाईने तपासण्याचे काम दामल्यांनी सर्वांत नेटाने केले.

आता रूपांकडे. ‘असणे’ या क्रियापदाचा साधा वर्तमान आणि संकेतार्थ जवळजवळ ठेवावेत. तो असतो, पण तो असता तर. ती असते, पण ती असती तर. तू असतोस, पण तू असतास तर. ते सगळे असतात, पण ते सगळे असते तर. त्या असतात, पण त्या असत्या तर. इथपर्यंत फरक कानाला स्पष्ट ऐकू येतो. मात्र ‘मी असतो’ आणि ‘मी असतो तर’, ‘आम्ही असतो’ आणि ‘आम्ही असतो तर’, ‘पाणी असतं’ आणि ‘पाणी असतं तर’ या जोड्यांत रूप एकच आहे. ‘टाकीत रोज पाणी असतं’ हे घडणारे आहे, ‘टाकीत पाणी असतं तर गुरं तहानली नसती’ हे न घडलेले. तिथे सगळा भार ‘तर’वर आणि पुढच्या वाक्यावर पडतो. कोणत्याही मुलाला हे कोणी शिकवत नाही, आणि पाच वर्षांचे मूलही ते चुकवत नाही.

इतर क्रियापदांना ‘असता’ जोडून लागते : आला असता, केलं असतं, पिकली असती. ‘तो येता तर बरे होते’ अशी साधी रूपे जुन्या लेखनात भेटतात. आजच्या बोलण्यात साधे रूप उरले आहे ते मुख्यतः ‘असणे’चे. जोडरूपातही मराठीचा लिंगवचनाचा नियम चालू राहतो. ‘तिनं भाकरी केली असती’, ‘तिनं कालवण केलं असतं’, ‘तिनं लाडू केले असते’ : करणारी एकच, पण रूप बदलते ते केलेल्या वस्तूप्रमाणे. म्हणजे जी भाकरी थापलीच गेली नाही, तिच्याही लिंगाशी क्रियापद इमाने जुळवून घेते.

सातारा–सांगलीच्या ग्रामीण बोलीत या रूपांना वेगळा नाद मिळतो. अनेकवचनी पुल्लिंगी ‘ए’चा तिथे अनुस्वारयुक्त ‘अं’ होतो. ‘पाहुणे आले असते’चे ‘पावनं आलं आसतं’ होते. कोल्हापूर आणि लगतच्या सांगलीच्या भागात बायकाही स्वतःविषयी ‘मी येतो’, ‘मी गेलो’ असे म्हणतात. तिथली बाई ‘मी आले असते’ न म्हणता ‘मी आलो असतो की’ म्हणते. शहरी कानाला हे चुकीचे वाटते, पण ते चूक नव्हे. ती त्या बोलीची ठरलेली, घट्ट बसलेली रीत आहे, आणि स्वार्थातला नियमच ती संकेतार्थात पुढे चालवते. कर्नाटकाच्या सीमेकडे ‘मी काम केलो’ अशी रचना ऐकू येते, तिथे मग ‘केलो असतो’ही ओघाने आलेच. या बोलींत ‘जर’ फार क्वचित येतो. अट सांगायला ‘तर’ पुरतो, आणि कित्येकदा तोही गळतो : ‘आधी सांगितलं असतंस, थांबलो असतो.’ दोन वाक्ये नुसती शेजारी ठेवली तरी अट आणि फळ यांचे नाते कळते, इतके हे रूप बळकट आहे.

‘असता’चा आणखी एक उपयोग रोज वर्तमानपत्रात दिसतो. ‘पोलिसांनी चौकशी केली असता चोरी उघडकीस आली.’ ‘विचारले असता त्यांनी नकार दिला.’ इथे चौकशी खरोखर झाली आहे, विचारणाही झाली आहे. ‘चौकशी केली असता’ आणि ‘चौकशी केली असती तर’ यांत एका मात्रेचा आणि एका शब्दाचा फरक, पण पहिल्यात चोर सापडतो आणि दुसऱ्यात सुटतो. या दुहेरी वापराचे मूळ एकच आहे. मराठीचे ‘ता’ हे संस्कृतातल्या वर्तमानकाळवाचक धातुसाधितापासून, म्हणजे ‘शतृ’ प्रत्ययाच्या रूपापासून आले. ‘असताना’, ‘असता’, ‘असतो’ ही एकाच कुळातली भावंडे. ‘नसती उठाठेव’, ‘नसता उद्योग’ यांतला ‘नसता’ही त्यांचाच भाऊ : जे असायला नको होते ते.

संस्कृतात मात्र या अर्थासाठी अगदी वेगळे रूप होते. त्याचे नाव लृङ् लकार. पाणिनीने अष्टाध्यायीत त्याचा विषय ‘क्रियातिपत्ति’ असा सांगितला आहे. क्रियातिपत्ति म्हणजे क्रिया न घडणे, निसटून जाणे. संस्कृत शिकवणारे पिढ्यान्‌पिढ्या त्याचे जे उदाहरण देत आले, तेही पावसाचेच आहे : वृष्टी चांगली झाली असती तर सुकाळ झाला असता. शेतीवर जगणाऱ्या देशात न घडलेल्या गोष्टीचे पहिले उदाहरण पाऊस असावे, हे साहजिकच आहे. या रूपाची घडण पाहण्यासारखी आहे. ‘भविष्यति’ म्हणजे ‘होईल’. त्या भविष्यकाळाच्या अंगापुढे भूतकाळाची खूण असलेला ‘अ’ लावला की ‘अभविष्यत्’ होते, म्हणजे ‘झाले असते’. ‘होईल’ला मागे, भूतकाळात ढकलायचे, की न घडलेले तयार.

स्पॅनिशने नेमके हेच केले, संस्कृताशी काही संपर्क नसताना. लॅटिनच्या बोलभाषेत मूळ क्रियापदापुढे ‘असणे, बाळगणे’ या अर्थाचे ‘हाबेरे’ जोडून भविष्यकाळ बनवण्याची चाल पडली. त्यातून ‘आब्लारे’, म्हणजे ‘मी बोलेन’, हे रूप घडले. जोडायचे ते क्रियापद वर्तमानाऐवजी भूतकाळात ठेवले, की ‘आब्लारीआ’, म्हणजे ‘मी बोललो असतो’ किंवा ‘बोलेन म्हणत होतो’. भविष्याचे अंग आणि भूताचा शेवट. पोर्तुगीजमध्ये हा सांधा आजही उघडा दिसतो. तिथे जपून लिहिलेल्या भाषेत ‘तुला’ या अर्थाचे सर्वनाम या दोन तुकड्यांच्या मध्ये घालता येते : ‘दार-ते-इया’, तुला दिले असते. रायतूरला स्टीफन्सचे व्याकरण छापले जात होते, तेव्हा छापणाऱ्यांच्या राज्याची भाषा हीच होती.

स्पॅनिशमधली रूपे बनवायला सोपी आहेत. बोलणे म्हणजे आब्लार, खाणे म्हणजे कोमेर, जगणे म्हणजे बिबिर. या मूळ रूपांना काहीही न कापता शेवट लावायचे : ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन. आब्लारीआ, कोमेरीआ, बिबिरीआ. तिन्ही गणांना शेवट एकच. बाराएक नेहमीच्या क्रियापदांचे अंग तेवढे बदलते. तेनेरचे तेंद्रीआ, आसेरचे आरीआ, देसिरचे दिरीआ, बेनिरचे बेंद्रीआ. भविष्यकाळातही त्यांचे अंग असेच बदलत असल्याने एकदा पाठ केले की दोन्हीकडे उपयोगी पडते.

रूप सोपे, पण त्याला कुठल्या खणात ठेवायचे यावर स्पॅनिश वैयाकरणांचे दीर्घकाळ एकमत नव्हते. व्हेनेझुएलात जन्मलेले आन्द्रेस बेयो यांनी 1847 मध्ये चिलीत प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात त्याला ‘पोस्प्रेतेरितो’ म्हटले, म्हणजे भूतकाळातल्या एखाद्या क्षणानंतरचे. त्यांच्या दृष्टीने हा काळच होता. स्पेनच्या शाही अकादमीने पुढे त्याला ‘पोतेन्सिआल’ नावाचा स्वतंत्र अर्थ मानले. 1973 मध्ये नव्या व्याकरणाचा आराखडा काढताना अकादमीने ‘कोन्दिसिओनाल’ हे नाव घेतले आणि रूप परत साध्या अर्थाच्या काळांत नेऊन बसवले. मराठी व्याकरणाने आपल्या संकेतार्थाला काळ न मानता अर्थ मानले, आणि मराठीपुरता तो निर्णय बरोबरच आहे. कारण मराठी ‘असता’ काळाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

हीच गोष्ट मराठी विद्यार्थ्याला स्पॅनिशमध्ये नडते. ‘पैसे असते तर गाय घेतली असती’ हे वाक्य आजच्या रिकाम्या खिशाबद्दल असू शकते, किंवा दहा वर्षांपूर्वीच्या बाजाराबद्दल. ‘आत्ता’ किंवा ‘तेव्हा’ जोडले की काळ कळतो, क्रियापद जसेच्या तसे राहते. स्पॅनिशला इथे निवड करावीच लागते. आजची गोष्ट असेल तर ‘सी तुबिएरा दिनेरो, कोंप्रारीआ उना बाका’. गेलेली गोष्ट असेल तर ‘सी उबिएरा तेनीदो दिनेरो, आब्रीआ कोंप्रादो उना बाका’. ‘तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?’ हा प्रश्न मराठीत भूतकाळाच्या पेहरावात येतो. तो आज, समोरच्या अडचणीबद्दल विचारलेला असेल, तर स्पॅनिशमध्ये ‘के आरीआस?’ एवढे साधे रूप हवे. मराठीतल्या ‘केलं’कडे पाहून जोडरूप वापरले, तर ऐकणाऱ्याला प्रश्न जुन्या प्रसंगाचा वाटतो.

दुसरी अडचण वाक्याच्या दोन भागांची. मराठी वाक्यात अट आणि फळ दोन्हींना एकच रूप मिळते : आला असता तर, साधला असता. संस्कृतातही दोन्हीकडे लृङ्, हिंदीतही ‘आता तो जाता’. प्रमाण स्पॅनिशमध्ये मात्र ‘रीआ’ फक्त फळाच्या भागात येते. ‘सी’, म्हणजे ‘जर’, याच्या पुढे ते चालत नाही. तिथे ‘तुबिएरा’सारखे निराळे, संशयार्थाचे रूप लागते. मराठी माणूस आपल्या सवयीने ‘सी तेंद्रीआ’ म्हणतो आणि शिक्षक लाल रेघ मारतात. या विद्यार्थ्याला धीर देणारी एक गोष्ट खुद्द स्पेनमध्ये आहे. उत्तरेकडे बास्क प्रदेश, नाव्हारा, ला रिओहा, बुर्गोस या पट्ट्यात जन्माने स्पॅनिश बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या ‘सी तेंद्रीआ’ असेच बोलत आली आहेत. तिथल्या शाळा ते दुरुस्त करतात आणि घराघरांतून ते चालू राहते. दोन्ही भागांना एकच रूप देण्याची ओढ बुर्गोसच्या शेतकऱ्यालाही आहे आणि विट्याच्याही. त्यामुळे या चुकीला अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. परीक्षेत मात्र ती चूकच धरली जाते.

न घडलेल्याखेरीज स्पॅनिशचे हे रूप आणखी चार ठिकाणी राबते, आणि तिथे मराठी ‘असता’ला हातही लावत नाही. पहिले ठिकाण सभ्यतेचे. ‘पोद्रीआ आयुदारमे?’ म्हणजे ‘मला मदत कराल का?’, ‘मे गुस्तारीआ’ म्हणजे ‘मला आवडेल’. मराठी अशा वेळी भविष्यकाळ घेते, नाही तर सरळ भूतकाळ. सांगलीच्या पेठेत गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर उभे राहून म्हणते, ‘पाव किलो बेदाणा पाहिजे होता.’ हवा तर आत्ता आहे, पण ‘होता’ म्हटल्याने मागणी मऊ होते. कोणाच्या घरी जाऊन ‘जरा काम होतं’ म्हणणारा माणूस हेच करतो. हट्ट नाही, नसेल तर राहू दे, असा अवकाश समोरच्याला मिळतो. भूतकाळाने बोलणे सौम्य करण्याची ही युक्ती स्पॅनिशमध्येही आहे. रीआ ही त्याच युक्तीची पुढची पायरी.

दुसरे ठिकाण दुसऱ्याचे बोलणे सांगण्याचे. ‘दिखो के बेंद्रीआ’ : तो येईल असे तो म्हणाला होता. काल जे भविष्य होते ते आज सांगताना स्पॅनिशमध्ये रीआ लागते. मराठीला ही उठाठेव नको असते. ती माणसाचे शब्द उचलून जसेच्या तसे ठेवते : ‘येतो म्हनला व्हता, आलाच न्हाय.’

तिसरे अंदाजाचे. ‘सेरीआन लास दिएस’ म्हणजे तेव्हा दहा वाजले असतील. मराठीत इथे ‘असतील’ किंवा ‘असावेत’. ‘असेल’, ‘असावा’ आणि ‘असता’ या तिघांची नीट फोड करावी. ‘तो आला असेल’ : ठाऊक नाही, पण शक्य आहे. ‘तो आला असावा’ : काही खुणेवरून तसे वाटते आहे. ‘तो आला असता’ : आला नाही. तीन अक्षरांच्या एका शब्दात मराठीने जाणिवेच्या तीन पातळ्या वेगळ्या ठेवल्या आहेत. स्पॅनिशमध्ये मागच्या काळाबद्दलचा अंदाज आणि न घडलेली गोष्ट या दोन्हींसाठी रीआ एकटी राबते आणि बाकीचे संदर्भावर सोडते.

चौथे ठिकाण बातमीदारीचे. ‘एल मिनिस्त्रो आब्रीआ दिमितीदो’ असे स्पॅनिश वृत्तपत्राने छापले तर त्याचा अर्थ मंत्र्याने राजीनामा दिला असता असा होत नाही. राजीनामा दिल्याचे कळते, खात्री नाही, असा होतो. शैली सांभाळणाऱ्या स्पॅनिश संपादकांना हा वापर आवडत नाही, कारण त्याआडून अफवाही खपते. मराठीत हेच काम ‘म्हणे’ करतो, अधिक प्रामाणिकपणे : ‘राजीनामा दिला म्हणे.’

उलट एका ठिकाणी मराठी ‘असता’ वापरते आणि स्पॅनिश वापरत नाही. घसरता घसरता सावरलेल्या मुलाला आई ओरडते, ‘आत्ता पडला असतास!’ स्पॅनिश आई अशा वेळी साधा वर्तमानकाळ वापरून ‘कासी ते काएस’ म्हणते, शब्दशः ‘जवळजवळ पडतोस’. मराठी आईच्या वाक्याला अट नाही, ‘तर’ नाही, दुसरा भागही नाही. तरी पडणे टळले हे कळते. अर्धेच वाक्य टाकून देण्याची ही सवय मराठीत खोलवर आहे. ‘एक फोन केला असता तर…’ एवढे म्हणून माणूस थांबतो, आणि पुढची सगळी तक्रार समोरच्याला ऐकू येते.

इतिहासाच्या गप्पांतही हेच रूप येते. साताऱ्याचे राज्य 1848 मध्ये इंग्रजांनी खालसा केले. दत्तकाचा हक्क कंपनी सरकारने मानला असता तर काय झाले असते, हा प्रश्न त्या गावात आजही चर्चिला जातो. जयंत नारळीकर यांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेले जग उभे केले. ती सगळी कथा म्हणजे विस्ताराने मांडलेला एक संकेतार्थच आहे.

स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी वाचकाने रीआचा अर्थ इंग्रजीच्या खिडकीतून पाहण्याऐवजी थेट मराठीवरून लावावा. आधी स्वतःला विचारावे की मराठीत इथे ‘असता’ येतो का. येत असेल तर गोष्ट आजची की गेलेली हे ठरवावे आणि ‘सी’च्या पुढे रीआ ठेवू नये. येत नसेल आणि तरी स्पॅनिश वाक्यात रीआ दिसत असेल, तर तिथे सभ्यता, सांगी, अंदाज किंवा अफवा यांपैकी काही तरी आहे.

मराठीच्या वर्गातही एक दुरुस्ती व्हायला हवी. अनेक ठिकाणी संकेतार्थ ओळखण्याची खूण म्हणून ‘जर–तर’ पाठ करून घेतात. ‘पाऊस आला तर पेरू’ आणि ‘पाऊस आला असता तर पेरलं असतं’ या दोन्हींत ‘तर’ आहे. पहिल्या वाक्यात शेतकऱ्याच्या घरात बियाणे तयार आहे, दुसऱ्यात हंगाम संपला आहे. मुलांना ‘तर’ शोधायला लावण्याऐवजी ही दोन वाक्ये फळ्यावर लिहून, पेरणी अजून होऊ शकते की नाही, एवढेच शिक्षकांनी विचारावे.